वाचकांचे प्रश्न : जुनी लॉरा आरएस घ्यावी का?

प्रश्न : मी सांगलीत राहतो. रोजच्या वापरासाठी घरात एक छोटी गाडी आहे. पण कॉलेजात असल्यापासून स्कोडाची लॉरा आरएस घेण्याची इच्छा आहे. पुण्यात एका गृहस्थांकडे २०१२ ची, पेट्रोलवर चालणारी, मॅन्युअल गिअरची आरएस विक्रीला आहे. रीडिंग ९२ हजार किलोमीटर असून ते चार लाख साठ हजार रुपये मागत आहेत. गाडी पाहताक्षणी मनात भरली. आमचा नेहमीचा मेकॅनिक मात्र म्हणतो, की या इंजिनाची टायमिंग चेन उडी मारते आणि इंजिन ऑइल पिते, तेव्हा फुकट मिळाली तरी ही गाडी घेऊ नका. विकणारे गृहस्थ या सगळ्या अफवा आहेत असे सांगतात. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, सांगली

उत्तर : आपल्या मेकॅनिकने सांगितलेले दोन्ही दोष खरे आहेत, त्यावरून त्यांनी काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. आणि ज्या विक्रेत्याला स्वतःच्या गाडीचे जगजाहीर दोष अफवा वाटतात, त्याने त्या दोषांवर आजवर पैसे खर्च केले असण्याची शक्यता कमीच, हे आधी लक्षात घ्यावे.

या गाडीबद्दल आकर्षण फार आणि माहिती थोडी अशी स्थिती असल्यामुळे थोडी पूर्वपीठिका सांगतो. इतर देशांत दुसऱ्या पिढीची ऑक्टेविया म्हणून जी गाडी विकली गेली, तीच आपल्याकडे लॉरा या नावाने आली, कारण पहिल्या पिढीची ऑक्टेविया तेव्हाही आपल्या बाजारात होती. छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथील कारखान्यातून निघालेल्या या लॉराची आरएस, म्हणजे वेगाच्या शौकिनांसाठीची, आवृत्ती २०११ मध्ये आली. युरोपातल्या आरएसला दोन लिटरचे, २०० अश्वशक्तीचे इंजिन होते. आपल्याकडच्या आरएसला मात्र १.८ लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, १६० अश्वशक्ती, २५० न्यूटन-मीटर टॉर्क आणि सहा गिअर मिळाले. हेच इंजिन साध्या लॉरा १.८ टीएसआयमध्येही होते. म्हणजे आरएससाठी आपण जे जास्तीचे पैसे मोजता ते मुख्यतः बंपर, स्पॉयलर, आसने, चाके आणि त्या दोन अक्षरांसाठी. त्यात गैर काही नाही, हौसेला मोल असतेच. पण इंजिनाचे दोष, सुटे भाग आणि दुरुस्ती दोन्ही गाड्यांची एकच आहे, आणि म्हणून साधी लॉरा १.८ टीएसआय चांगल्या अवस्थेत मिळाली तर तिच्याकडे पाठ फिरवू नये.

आता चेनविषयी. या इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे वॉल्वची उघडझाप करणारा दांडा, फिरवण्यासाठी बेल्टऐवजी साखळी आहे आणि ती ताणून धरण्याचे काम ऑइलच्या दाबावर चालणारा एक टेन्शनर करतो. इंजिन बंद झाले की ऑइलचा दाब जातो. त्या वेळी टेन्शनरचा दट्ट्या मागे सरकू नये म्हणून त्याला दाते आणि ते दाते पकडणारी एक छोटी क्लिप दिलेली असते. सुरुवातीच्या रचनेत ही पकडच कमजोर होती. दट्ट्या मागे गेला की साखळी सैल पडते, आणि सकाळी इंजिन सुरू होताना, ऑइलचा दाब तयार होण्याआधीच्या क्षणी, ती एखाद-दोन दाते सोडून पुढे उडी मारू शकते. मग वॉल्व आणि पिस्टन यांची वेळ चुकते, ते एकमेकांवर आदळतात आणि वॉल्व वाकतात. इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, उतरवल्याशिवाय ते काम होत नाही, आणि तिथपर्यंत गेलेल्या गाडीचा खर्च आपण सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापर्यंत सहज पोहोचतो. कंपनीने पुढे टेन्शनरची सुधारित रचना आणली. त्यामुळे आपल्या समोरच्या गाडीत जुना टेन्शनर आहे की नवा, या एका प्रश्नाच्या उत्तरावर निम्मा निर्णय अवलंबून आहे.

हे उत्तर इंजिन न उघडता मिळू शकते. चेनच्या खालच्या कव्हरवर एक रबरी बूच असते. ते काढून छोट्या आरशाने किंवा बारीक कॅमेऱ्याने आत पाहिले की टेन्शनर कोणत्या घडणीचा आहे आणि दट्ट्या किती बाहेर आला आहे, हे या गाड्यांवर रोज काम करणाऱ्या माणसाला ओळखता येते. शिवाय स्कॅनर लावून कॅमशाफ्ट आणि पिस्टनांनी फिरणारा क्रँकशाफ्ट यांच्या स्थितीतला फरक अंशांत वाचता येतो आणि त्यावरून साखळी किती लांबली आहे याचा अंदाज येतो. पुण्यात केवळ फोक्सवॅगन आणि स्कोडाच्याच गाड्या पाहणारी स्वतंत्र गॅरेजे आहेत. त्यांपैकी एकाकडे, विक्रेत्याशी ओळख नसलेल्याकडे, तपासणीचे पैसे देऊन गाडी न्यावी. जो विक्रेता यालाच तयार होणार नाही, त्याच्याशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

त्याआधीची एक परीक्षा आपण स्वतःच करू शकता. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे, आणि आपण पोहोचेपर्यंत ती कोणीही सुरू करू नये, असे आदल्या दिवशीच स्पष्ट सांगावे. गेल्यावर प्रथम बोनेटवर तळहात ठेवावा. ते कोमट लागले तर परीक्षा झाली नाही असे समजून दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. थंड असेल तर बोनेट उघडे ठेवून, दुसऱ्या कोणाला चावी फिरवायला सांगून, स्वतः इंजिनाच्या साखळीच्या बाजूला, म्हणजे समोर उभे राहिल्यावर आपल्या डाव्या हाताकडे, कान द्यावा. पहिल्या एक-दोन सेकंदांत पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखा खडखडाट झाला आणि मग थांबला, तर टेन्शनरचे काम निघाले आहे. थेट इंजेक्शनच्या, म्हणजे पेट्रोल सरळ सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या, इंजिनाची बारीक टिकटिक सतत चालू राहते. तिची भीती बाळगू नये. विक्रेते बहुधा या दोन आवाजांतला फरक पुसून टाकण्याचा प्रयत्न करतात आणि ‘या गाड्यांचा आवाज असाच असतो’ हे वाक्य दोन्हींसाठी वापरतात.

ऑइल पिण्याचा दोष वेगळा असला तरी चेनपासून सुटा नाही. या कुळातल्या सुरुवातीच्या इंजिनांत पिस्टनच्या ऑइल रिंगा पातळ आणि त्यांतून ऑइल परत जाण्याची छिद्रे लहान होती. ती काजळीने बुजली की सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल खाली न येता जळून जाते. कंपनीच्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्ध्या लिटरपर्यंतचा वापर मान्य धरलेला आहे, आणि सर्व्हिस सेंटरवाले हाच आकडा दाखवून गिऱ्हाईक परत पाठवतात. माझ्या मते आपल्याकडच्या मालकासाठी हा आकडा दिलासा देणारा नसून सावध करणारा आहे, कारण दोन सर्व्हिसिंगच्या मधे डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, काढून पाहण्याची सवय आपल्याकडे जवळजवळ नाहीच. दहा हजार किलोमीटरला बोनेट एकदा उघडणाऱ्या माणसाच्या इंजिनात तोवर ऑइल धोक्याच्या पातळीखाली गेलेले असते, टेन्शनरला दाब अपुरा मिळतो आणि टर्बोच्या बेअरिंगलाही तेच भोगावे लागते. पुष्कळदा साखळीच्या माथी मारलेला मृत्यू हा मुळात ऑइलच्या उपासमारीचा असतो.

म्हणून विक्रेत्याला ‘ऑइल पिते का?’ असे विचारू नये. ‘मधे टाकायला ऑइलचा डबा कुठला वापरता?’ असे विचारावे. जो मालक डिकीतून अर्धा भरलेला डबा काढून दाखवतो आणि त्यावर फोक्सवॅगनचा ५०२.०० हा दर्जा छापलेला असतो, त्याच्या गाडीवर माझा अधिक विश्वास बसेल. ‘एक थेंबही लागत नाही’ असे सांगणाऱ्याच्या गाडीची डिपस्टिक तिथल्या तिथे काढून पाहावी. सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर कोरडी राखाडी काजळी लागली तर ठीक. काळा, चिकट थर लागला तर स्पार्क प्लग काढून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. रिंगांचा दोष पूर्ण काढायचा तर सुधारित पिस्टन आणि रिंगा टाकाव्या लागतात, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणे आले. तेवढे करण्याइतकी ही गाडी आता महाग राहिलेली नाही. वापर थोडा असेल तर दर पंधरवड्याला डिपस्टिक पाहून ऑइल टाकत राहणे हाच व्यवहार्य उपाय, आणि वापर फार असेल तर ती गाडी सोडून देणे.

आरएस घेताना आणखी एक शंका मनात ठेवावी लागते, जी साध्या लॉराबाबत कमी असते. या गाडीचे मालक बहुतेक वेगाचे शौकीन होते, आणि इंजिनाच्या संगणकात फेरफार करून, म्हणजे रीमॅप करून, ताकद वाढवून घेण्याची चाल त्यांच्यात रूढ आहे. विकताना मूळ प्रोग्रॅम परत टाकला जातो. पण क्लचने सोसलेले सोसलेलेच राहते. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावरून अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. आरपीएमचा काटा चढला आणि गाडीचा वेग त्या मानाने वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. गाडी उभी ठेवून इंजिन नुसते चालू असताना क्लच दाबताना आणि सोडताना आवाज बदलत असेल तर ड्युअल-मास फ्लायव्हील, म्हणजे क्लचमागचे धक्के शोषणारे जड चाक, तेही गेले आहे, आणि ते क्लचपेक्षा महाग पडते.

बाकीच्या गोष्टी किरकोळ नसल्या तरी सरळ आहेत. थेट इंजेक्शनमुळे इनटेक वॉल्ववर कार्बन साचतो; तो अक्रोडाच्या टरफलांचा भुगा दाबाने मारून काढतात. वॉटर पंप आणि थर्मोस्टॅटचे घर प्लास्टिकचे असून ते कालांतराने पाझरते. तिथे वाळलेल्या गुलाबी कूलंटचा थर दिसतो का, ते पाहावे. इग्निशन कॉइल जातात, पण त्या तासाभरात बदलता येतात. आता पंपांवर मिळणारे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल डोळ्यांसमोर ठेवून ही गाडी घडवलेली नाही, तेव्हा इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घ्यावेत. आपण सांगलीचे असल्यामुळे पुराच्या गाड्यांविषयी मी आपल्याला काय सांगावे. तरीही २०१९ आणि २०२१ या दोन पुरांत बुडालेल्या गाड्या पुढे धुऊनपुसून दूरच्या शहरांत विकल्या गेल्या आहेत, तेव्हा चारही सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यांवर गाळाची रेघ आहे का, आणि पुढच्या आसनांखालच्या वायरींच्या जोडांवर हिरवट गंज आहे का, एवढे पाहिल्याशिवाय पुण्यातली गाडी पुण्यातच होती असे मानू नये.

किमतीकडे येऊ. साखळी, टेन्शनर, गाइड आणि वॉटर पंप यांचे काम झाल्याचे बिल असेल, त्यावर गाडीचा नंबर, रीडिंग आणि सुट्या भागांचे क्रमांक असतील, तर मागितलेली किंमत फार नाही. बिल नसेल, तर गाडी बाकी सर्व परीक्षांत उतरली तरी हे काम आपल्यालाच घेतल्याबरोबर करावयाचे आहे असे धरून, दोन गॅरेजांकडून लेखी अंदाज घेऊन, तो किमतीतून वजा करून मागावा. ‘काम झाले आहे, बिल सापडत नाही’ याचा अर्थ काम झालेले नाही. विम्यावरही भिस्त ठेवू नये. अपघाताचा विमा यांत्रिक बिघाड भरून देत नाही, आणि साखळीने उडी मारणे हा यांत्रिक बिघाडच आहे.

आणखी एक खर्च ठरलेला आहे. २०१२ च्या गाडीची नोंदणी २०२७ मध्ये पंधरा वर्षांची होईल. त्यानंतर आरटीओत गाडी तपासून पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते; १ एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले आहे, आणि महाराष्ट्रात त्यावर पर्यावरण कर वेगळा. गाडी आज घेऊन दोन-तीन वर्षांत विकण्याचा बेत असेल तर हे तारखेचे ओझे आपल्याच डोक्यावर येईल आणि गिऱ्हाईक ते किमतीतून कापेल.

घरात दुसरी गाडी आहे, हे आपले सर्वांत मोठे बळ आहे. लॉरा पंधरा दिवस गॅरेजात अडली तरी आपले काम अडणार नाही. त्यामुळे थंड इंजिनाची परीक्षा, बूच काढून केलेली पाहणी आणि क्लच या तीन गोष्टींत गाडी उतरली, तर मी आपल्याला घ्या असेच सांगेन. घेतल्यावर चढावर गाडी नुसती गिअरमध्ये टाकून उभी करू नये; हँडब्रेक आधी पक्का ओढावा, कारण गाडीच्या भाराने इंजिन उलट्या दिशेला ढकलले गेले तर जुन्या टेन्शनरची साखळी तिथेही सैल पडू शकते.

प्रश्न : पुण्यात रोज हिंजवडीला जावे लागते, त्यामुळे मला ऑटोमॅटिक हवी आहे. २०१४ ची ऑक्टेविया १.८ टीएसआय, सात गिअरच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, पाहिली आहे. इंजिन सुधारलेले आहे असे ऐकले. मग गिअरबॉक्सची धास्ती कितपत बाळगावी?
– एक वाचक, पुणे

उत्तर : इंजिनाबाबत आपण ऐकले ते बरोबर आहे. हे लॉराच्या इंजिनाच्याच कुळातले पुढच्या पिढीचे, १८० अश्वशक्तीचे इंजिन असून साखळी आणि ऑइल या दोन्ही बाबतींत ते आधीच्यापेक्षा पुष्कळ निर्धास्त आहे. वॉटर पंपाची गळती तेवढी पाहावी. धास्ती गिअरबॉक्सचीच बाळगावी, आणि हिंजवडीच्या रस्त्याला ती जास्त बाळगावी.

सात गिअरच्या या डीएसजीत दोन क्लच असून ते कोरडे असतात, म्हणजे त्यांना थंड ठेवायला भोवती ऑइल नसते. हा गिअरबॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतच्या टॉर्कसाठी बनवलेला आहे, आणि या गाडीचा टॉर्क तेवढाच ठेवलेला आहे. म्हणजे रचनेत उसंत उरलेली नाही. ताशी पाच-सात किलोमीटरने सरकणाऱ्या रांगेत संगणक पहिला क्लच अर्धवट धरतो, सोडतो, पुन्हा धरतो. त्या घर्षणाची उष्णता जायला वाट नसते. हे रोज तासभर चालले की पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी थरथरू लागते. दुसरा आणि जास्त खर्चिक दोष मेकॅट्रॉनिक या भागाचा. क्लच आणि गिअर हलवणारे ऑइलच्या दाबाचे यंत्र आणि त्याचा संगणक एकाच ठाण्यात आहेत; तो दाब साठवणारा भाग तडकला किंवा विजेचा दोष आला, की समोरच्या पडद्यावर गिअरची अक्षरे लुकलुकतात आणि सम किंवा विषम क्रमांकाचे गिअर एकदम नाहीसे होतात. २०१३ मध्ये फोक्सवॅगन समूहाने जगभरात सुमारे १६ लाख गाड्यांच्या या गिअरबॉक्समधले सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरले, ते याच विजेच्या दोषापायी.

गाडी चालवून पाहायची तर सकाळी मोकळ्या रस्त्यावर पाहू नये. संध्याकाळी सहानंतर, निदान पाऊण तास रांगेत चालवून, गिअरबॉक्स तापल्यावर सपाट जागी आणि हलक्या चढावर अगदी हळू सोडून पाहावे. रिव्हर्सही तापल्यावरच तपासावा. क्लच पॅक बदलल्याचे बिल असेल तर ती जमेची बाजू समजावी. विकत घेतलीच, तर रांगेत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि थांबल्यावर ब्रेक पूर्ण दाबून ठेवावा, म्हणजे क्लच मोकळा सुटतो. चढावर अॅक्सिलरेटरने गाडी तोलून धरणे मात्र कटाक्षाने टाळावे.

स्पष्ट सांगायचे तर आपला प्रवास हाच असेल तर मी ही गाडी घेणार नाही. २०१७ मध्ये पाचशेच्या संख्येने आलेल्या ऑक्टेविया आरएस २३० ला सहा गिअरचा, ऑइलमध्ये बुडालेल्या क्लचचा डीएसजी आहे आणि तो कितीतरी टणक आहे, पण तिची किंमत आपल्या अंदाजपत्रकात बसेल असे वाटत नाही.

प्रश्न : नाशिकमधला एक डीलर दिल्लीहून आणलेली २०१३ ची लॉरा १.८ टीएसआय इथल्या भावापेक्षा जवळजवळ लाखाने स्वस्त देतो आहे. ‘पासिंग आम्ही नंतर करून देऊ’ म्हणतो. घ्यावी का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : स्वस्त असण्याचे कारण गाडीत नसून दिल्लीत आहे. राष्ट्रीय हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्या आदेशांमुळे तिथे पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल आणि दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, आणि ती मर्यादा जवळ आलेल्या गाड्या बाहेरच्या राज्यांत उतरू लागल्या. तेव्हा भावाच्या फरकाने हुरळू नये आणि घाबरूही नये. महाराष्ट्राचा एकरकमी वाहन कर आपल्याला गाडीच्या वयानुसार भरावा लागेल; दिल्लीत भरलेल्या कराचा परतावा मागण्याचा मार्ग आहे, पण तो हाती पडेल असे धरून हिशेब करू नये. कर, नवा नंबर, नव्या नंबरप्लेटा आणि एजंटाचे पैसे मिळवले की लाखातले किती उरतात ते कागदावर मांडून पाहावे.

‘नंतर’ हा शब्द मान्य करू नये. पैसे देण्याआधी मूळ मालकाच्या सहीचे मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असल्यास बोजा उतरवण्याचा बँकेच्या सहीचा फॉर्म ३५ आणि दिल्लीच्या आरटीओची फॉर्म २८ वरची मूळ एनओसी, म्हणजे ना-हरकत दाखला, हातात घ्यावी. झेरॉक्स चालणार नाही. परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकून थकलेले चलान आणि बँकेचा बोजा दिसतो का, तेही तिथेच फोनवर पाहावे. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करून घेण्यासाठी अर्ज द्यावा. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, त्यामुळे डीलरने दाखवलेला हप्त्याचा आकडा खरा धरू नये. एनओसी कोणत्या आरटीओसाठी दिली आहे ते तिच्यावर लिहिलेले असते. तिथे नाशिकऐवजी दुसऱ्याच शहराचे नाव असेल, तर ही गाडी आधी कुठेतरी विकायला नेली होती आणि तिथे व्यवहार मोडला. तो का मोडला, हे डीलरला विचारून त्याच्या उत्तराची शहानिशा होईपर्यंत बयाणाही देऊ नये.